आधी नळावर बोल

मला सर्जरी शिकवणारे सर गेल्याचा निरोप सिस्टरने आणला, तेव्हा मी ऑपरेशनआधी हात धुवत होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. परवाच्या शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले आणि म्हणाले, सर जन्मतःच शांत, सर म्हणजे देवमाणूस. मी मागच्या खुर्चीवर चुळबुळत होतो. तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. साफ खोटं आहे हे. चारठाण्याचा हा माणूस जमदग्नी होता. त्यांची शांतता कमावलेली होती, आणि ती त्यांनी आम्हाला शिकवली. देवमाणूस म्हटलं की आपण काही शिकायला नको, एवढाच त्याचा अर्थ.

परभणीच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली लागलो, त्याच्या आधीची गोष्ट. भर ऑपरेशनमध्ये हवा तो चिमटा मिळेना म्हणून सरांनी हातातला भिरकावला, तो थिएटरमधल्या गंगाबाई मावशींच्या कपाळाला लागला. रक्त पुसत मावशी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमी भायेर जावा. पुन्हा हात धुवून या." आणि सर गेले! धाकटा डॉक्टर तोवर पेशंटची जखम दाबून उभा राहिला. तेव्हापासून नियमच झाला, ज्याचा आवाज चढेल त्याने बाहेर जाऊन हात धुवायचे. पुढे त्यात सरांची भर पडली. प्रत्येक ऑपरेशनआधी हात धुताना मनात असेल ते बोलून टाकायचं, मग पहिल्या चिरेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं ऑपरेशन तोंडी सांगायचं, कुठे फसेल त्यासकट. बाकीचे डॉक्टर हसायचे, सर्जनला हात लागतो, कीर्तन नाही. सर म्हणायचे, "हात काय मनगटापासून सुरू होतो व्हय?"

त्या दिवसांत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीपायी आमच्या वस्तीवर गावाने बहिष्कार टाकला होता. पालमजवळचं आमचं गाव. विहीर बंद, काम बंद, माझी आई दोन कोसांवरून पाणी आणायची. अशात एका दुपारी जीपमधून पेशंट आला, बैलाने पोटात शिंग खुपसलेलं. चेहरा पाहिला आणि ओळखला. विहिरीवर काठी घेऊन उभा राहणारा तोच. त्याच्या मुलानेही मला ओळखलं. "साहेब, ह्यो नको. दुसरा डॉक्टर बगा." सर म्हणाले, "दुसरा असता तरी ह्योच असता."

नळावर त्यांनी विचारलं, "उत्तम, काय हाय मनात?"

"काही नाही, सर."

"खोटं बोलून आत येऊ नको. गिळलेला राग बोटात उतरतो."

मग मी बोललो. आईची घागर, ती काठी, सगळं. "ह्यो मेला तर मला वाईट वाटणार न्हाई, सर." सर हात घासत होते, तसेच घासत राहिले. "बरं. आता ऑपरेशन सांग."

पोट उघडलं तर रक्तच रक्त. काही दिसत नसताना मी चिमटा आत घातला. घाबरलेला नवखा सर्जन हेच करतो आणि नको ती शीर चिरडून बसतो. सरांनी माझं मनगट धरलं. "चिमटा ठेव. कापड लावून दाबून धर. धा श्वास घे." त्या माणसाच्या पोटात हात दाबून मी दहा श्वास उभा राहिलो... मग कापड हळूच उचललं, फुटलेली प्लीहा दिसली, शीर बांधली, प्लीहा काढली.

तो जगला. बदलला वगैरे अजिबात नाही. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि विहीर बंदच राहिली. ती आम्ही पुढे मोर्चे काढून, भांडून उघडली. त्यामुळे सरांनी मला राग सोडायला शिकवलं, असं कुणी म्हणू नये. माझा राग शाबूत आहे, नामांतर अजून व्हायचंच आहे. पण त्या दुपारी माझा हात त्या काठीसारखा झाला नाही, आणि त्याबद्दल मी सरांचा जन्मभर ऋणी आहे.

निरोप आला त्या सकाळी शेजारच्या नळावर माझी शिकाऊ डॉक्टर होती, वैशाली. मी म्हणालो, "चला, पेशंट थांबलाय." ती जागची हलली नाही.

"सर, तुम्ही बोलला नाहीत अजून."

मी ब्रशने हात घासत राहिलो. पाणी वाहत होतं... "माझा माणूस गेलाय," मी म्हणालो. "मला रडायचंय."

तिचेही डोळे भरले होते. तिने मान हलवली.

"बरं, सर. आता ऑपरेशन सांगा."

मी पहिल्या चिरेपासून सुरुवात केली.