खालचं नाव

माझी लेक चित्रकथेचा नवा अंक वाचत खुदुखुदु हसत होती. मी सवयीने म्हणालो, "मूळ लेखक गेले आणि या चित्रकथेतली मजाच गेली."

"बाबा, तू वाचलायस का हा?"

नव्हता वाचला. ते गेल्यापासून मी एकही अंक उघडला नव्हता.

आता उघडला. पहिल्या पानावर मूळ लेखकांचं नाव ठळक होतं आणि खाली, बारीक टायपात, नव्या लेखकाचं. विनोद जरा निराळे, पण पात्रं त्याने जिवापाड सांभाळलेली. पहिल्याची सर दुसऱ्याला नाही, असं आपण सहज म्हणतो. दुसरा नसता तर गोष्ट तिथेच थांबली असती.

मला काका आठवले. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. तरी कुठेही ओळख करून देताना म्हणायचे, "हा आमच्या दादाचा मुलगा." आणि मी? वडील असते तर असं नसतं, हेच मनात घोकत आलो.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. शेजारी कुणी नवे गृहस्थ बसले होते. काका बोलायच्या आत मीच म्हणालो, "मी यांचा मुलगा."

"दादाचा हो, दादाचा!" काका घाईने म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.