धार दिसेपर्यंत

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात छापखान्यात उभी होते. हातात पत्रकाचं प्रूफ होतं आणि शाई कागदाच्या मागच्या बाजूला उठतेय म्हणून मी छापखानेवाल्याशी वाद घालत होते. फोनवर मामी होती. रडत नव्हती. "पोरी, तुजं मामा गेलं," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, मी पुढे काय विचारणार हे ठाऊक असल्यासारखं म्हणाली, "कुनाचं नाव घिऊ नगो. जेवलं, पान खाल्लं, आडवं झालं... उठलंच न्हाईत."

मी नाव घेणार होतेच. मला तशीच सवय लागलेली आहे. माझे वडील शाळेत शिक्षक, पण त्यांचा खरा व्यवसाय पत्रकं लिहिण्याचा. बंद झालेल्या एसटीवर पत्रक, गढूळ पाण्यावर पत्रक, धरणग्रस्तांच्या रखडलेल्या जमिनींवर तर गठ्ठेच्या गठ्ठे. मी पाटीवर नाही, त्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवली. आणि पत्रकात नेहमी कुणीतरी दोषी असतं. त्याच्याशिवाय पत्रक उभंच राहत नाही. त्या दिवशी लोणावळ्याहून वाडीकडे जाताना मी गाडीतच मजकूर जुळवत होते. डॉक्टर वेळेवर आला नसेल, रस्ता खचलेला असेल, रुग्णवाहिकेला उशीर झाला असेल... तिथे पोचले तर यातलं काहीच नव्हतं. मामा नेमानं तपासून घेत होता, गोळ्या वेळेवर घेत होता. घरी जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, नावेच्या इंजिनाला जपलं पण स्वतःला नाही जपलं. ऐकायला बरं वाटणारं वाक्य आहे, पण खोटं आहे. त्यानं दोघांनाही जपलं होतं. एक चालू राहिलं, एक थांबलं. महिना उलटून गेला तरी मला हे पचत नाही. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते, दोन ओळी लिहिते, खोडते. राग आहे, पण तो कुणाच्या दारात नेऊन ठेवायचा तेच कळत नाही.

मामाची वाडी पवना धरणाच्या पल्याड, डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. धरण झालं तेव्हा खालची भातखाचरं बुडाली, घरं वर सरकली आणि शेजारची गावं एकदम लांब गेली. डोंगराला वळसा घालून रस्ता आहे, पण पावसाळ्यात त्याचा काही भरवसा नाही. पाण्यावरून सरळ गेलं तर तिकोणा पेठेच्या बाजूचा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो. म्हणून मामानं नाव केली, आणि वल्ही मारून खांदे भरून यायला लागले तेव्हा कोकणातल्या एका खाडीवरून मासेमाराचं जुनं इंजिन आणलं. नावेच्या मागे अडकवायचं, दोरी ओढून सुरू करायचं, खालचा दांडा आणि पंखा पाण्यात. टेम्पोत पेंढ्यावर निजवून ते वाडीत आलं तेव्हा लोक जमले. कुणी विचारलं, मामा, ह्ये मसाला दळायचं का? त्याच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर होता. मामानं दारात एक मोठं प्लास्टिकचं पिंप मांडलं, झऱ्याचं गोडं पाणी भरलं, इंजिनाचं खालचं अंग त्यात बुडवलं आणि खाडीचं मीठ धुऊन निघेपर्यंत ते रोज तिथंच उभ्या उभ्या चालवलं. सगळी वाडी धुरानं खोकत होती.

मी तेव्हा सुट्टीला गेले होते. मोटारीला असतो तसा रेडिएटर याला कुठे दिसत नाही, मग हे थंड कसं राहतं, असं मी विचारलं. मामा म्हणाला, "ह्याचा रेडिएटर म्हंजी आक्कं धरान." मग त्यानं सांगितलं. खालच्या अंगात रबराच्या पाकळ्यांची एक छोटी चक्री असते. ती फिरली की धरणाचं पाणी आत ओढलं जातं, इंजिनाच्या भोवतीनं फिरतं, तिथली उष्णता घेऊन बाहेर पडतं. त्यातलं थोडं पाणी मागच्या एका बारीक भोकातून धारेसारखं उडतं. ती धार म्हणजे आत सगळं ठीक असल्याची खूण. धार नाही, तर इंजिन बंद. विचार करत बसायचं नाही. "जिमीन आपली गेली, पानी शहराला गेलं," तो म्हणाला, "घोटभर ह्यालाबी पिऊ दे." आमच्या वडिलांना एवढं नेमकं वाक्य दोन पानी पत्रकातही सापडलं नसतं, आणि मामाला ते आपण काही बोललो असं वाटलंही नाही.

त्याचे नियम ठरलेले. आठवड्याच्या फेऱ्या संपल्या की इंजिन पिंपात. पोटात गेलेला गाळ झऱ्याच्या पाण्यानं धुऊन निघाला की पेट्रोलची नळी काढून टाकायची आणि आतलं उरलंसुरलं पेट्रोल जळून ते आपोआप विझेपर्यंत चालू द्यायचं. खालच्या अंगातलं तेल थोडं काढून बघायचं, चहासारखं दुधाळ दिसलं तर कुठून तरी पाणी शिरतंय. आणि रबराची चक्री दर वर्षी पावसाळ्याआधी बदलायची. एकदा मी म्हटलं, अरे मामा, ही तर चांगली दिसतेय. तो म्हणाला, "चांगली दिसतीया म्हनूनच बदलायची. फाटल्यावं कोनबी बदलंल." प्लग पुसायला त्याला चिंध्या चालत नसत, त्यांचे धागे अडकतात म्हणे. त्यासाठी तो वडिलांची उरलेली पत्रकं मागून न्यायचा. "दाजींचा कागद त्याल लय ग्वाड पितो," असं त्यांच्या तोंडावर सांगायचा. वडील दरवेळी दुखावल्यासारखं करायचे आणि दरवेळी गठ्ठा बांधून ठेवायचे.

सगळ्यात कडक नियम काठावरचा. धार दिसल्याशिवाय नावेत कुणी पाय ठेवायचा नाही. मामा इंजिन सुरू करायचा आणि मागे वाकून धारेखाली तळहात धरायचा. आधी पाणी गार लागतं, मग हळूहळू कोमट होतं. चांगलं कोमट झालं की तो मान हलवायचा, की दुधाचे कॅन, गॅसची टाकी, माणसं, या क्रमानं सगळं चढायचं. मतं मागायला आलेला एक पांढऱ्या कपड्यांतला पुढारी यात उन्हात तिष्ठलेला मी पाहिला आहे. त्याचा माणूस म्हणाला, आबा, साहेबांना घाई आहे. मामानं हात न काढता सांगितलं, सायबास्नी असंल, पान्याला न्हाई.

घाई एकदा मलाही होती. वाडीच्या रस्त्यासाठी आम्ही निवेदन द्यायला निघालो होतो. मजकूर माझा होता, पहिल्यांदाच वडिलांनी एक शब्द बदलला नव्हता. कचेरीतले साहेब ठरल्या वेळेपर्यंतच थांबणार होते. नाव भर पाण्यात असताना धार बारीक झाली, तुटक झाली, आणि मामानं इंजिन बंद केलं. वर उचलून बघतो तर पाणी ओढायच्या जाळीवर वेफर्सचं चकचकीत पाकीट चिकटलेलं. काठावर तंबू ठोकून रात्रभर गाणी वाजवणाऱ्यांची ही देणगी. पाकीट निघालं, पण मामा लगेच दोरी ओढेना. ते निवू दे म्हणाला. मी भडकले. तुला माणसांपेक्षा लोखंड मोठं झालंय, असं त्याला सगळ्यांसमोर म्हटलं. तो रागावला नाही. म्हणाला, "पोरी, तुजं साहेब आज न्हाई तर उद्या गावतील. ह्ये जळलं तर बाळंतपनाला कोन नेनार?" आम्ही पोचलो तेव्हा कचेरीला कुलूप होतं. मला आजही वाटतं की त्या दिवशी चौघांनी वल्ही घेतली असती तर वेळ गाठता आली असती. हे मी त्याला सांगितलं होतं, आणि तो असता तर पुन्हा सांगितलं असतं. वाद अर्धा राहिला आहे... बहुधा म्हणूनच मला बसवत नाही.

गेल्या रविवारी मामीनं बोलावून घेतलं. तिचा मुलगा सुरेशदादा तळेगावला कारखान्यात आहे. त्यानं एक गिऱ्हाईक आणलं होतं, पलीकडच्या काठावरचा एक तंबूवाला. त्याला पर्यटक फिरवायला इंजिन हवं होतं. इंजिन गेलं की मामीनं तळेगावला दादाच्या ब्लॉकमध्ये राहायला जायचं, असं ठरत आलं होतं. दादा वाईट नाही. आईला एकटीला पाण्यापलीकडे ठेवून त्याला झोप लागत नव्हती, हे तो अगदी कळकळीनं सांगत होता. मी मात्र तयारीनं गेले होते. खिशात लिहिलेला कागद होता. वाडीची नाव वाडीचीच राहिली पाहिजे, इथून सुरुवात. मामीनं तो वाचायला मागितलाही नाही. "आदी ते चालू करा," म्हणाली.

इंजिन पिंपातच होतं, मामानं ठेवलं होतं तसं. दादानं पाणी भरलं, दोरी ओढली. खोकत खोकत सुरू झालं, पण मागून धार येईना. मामीनं लगेच हात वर करून बंद करायला लावलं. तंबूवाला हसला, म्हणाला, मावशी, हे भंगारात घालायच्या लायकीचं आहे. खरं सांगते, मला आनंद झाला. आता हा जाईल आणि सगळं आहे तसंच राहील. पण मामी आत गेली, दाराच्या चौकटीत खोचलेली बारीक तार घेऊन आली आणि त्या भोकात हलकेच फिरवू लागली. आतून सुकी माती गळायला लागली. कुंभारीण माशीनं महिन्याभरात तिथं घर केलं होतं. मामा असता तर तिला तेवढी सवड मिळाली नसती. मी हळूच म्हटलं, मामी, राहू दे की तसंच. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्यानला कुनाकडनं नावं ठिवून घ्यायची सवं न्हवती." मग प्लग काढला, माझ्यापुढे हात केला. मला क्षणभर कळलंच नाही. मी खिशातला कागद दिला. तिनं त्यानं प्लग स्वच्छ पुसला.

दादानं पुन्हा दोरी ओढली आणि धार आली. सरळ, पिंपाच्या बाहेर अंगणात. तंबूवाल्याचा आवाज एकदम बदलला, तो दादाशी व्यवहाराचं बोलू लागला. मामीनं इंजिन विझू दिलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "पाव्हनं, चला, तुमाला पल्याड सोडते."

बाजारातून परतताना मामा पुढे बसून पान लावायचा तेव्हा सुकाणूला मामीच असायची, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. आम्हीच ते कधी मोजलं नव्हतं. दादा म्हणाला, आई, तुला दोरी ओढवणार नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "वाडीत हात हायती की वढायला. तू येशील तवा तू वढ." दादानं इंजिन पिंपातून काढून खांद्यावर घेतलं आणि काठाकडे निघाला.

काठावर इंजिन नावेला लागलं, सुरू झालं. तंबूवाल्यानं चढायला पाय उचलला, मामीनं नुसतं बघितलं, त्यानं तो परत ठेवला. आता वाकायला तिला गुडघे साथ देत नाहीत. तिनं माझं मनगट धरून तळहात धारेखाली नेला आणि म्हणाली, "कोमट झाली की सांग."

पाणी गार होतं. मग तितकं गार राहिलं नाही. माणसं उन्हात उभी होती. "झाली का गं?" मामीनं विचारलं.

झाली होती. मी म्हटलं, अजून नाही.