मला न सांगितलेला बोकड

संत पौलानं करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आमचं पेडगाव नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर अख्खी पंगत माझ्यामुळं उपाशी बसली होती.

त्याचं असं झालं. परभणीला आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ होता. संघ चालवणाऱ्या दादांना एकदा वाटलं की बायबलातली प्रेषितांची पत्रं नुसती वाचून उपयोग नाही, ती जगली पाहिजेत. प्रत्येकानं एक पत्र घ्यायचं, महिनाभर त्याप्रमाणे वागायचं आणि मग सगळ्यांसमोर साक्ष द्यायची. चिठ्ठ्या टाकल्या. एकाला याकोबाचं पत्र आलं. त्यात जीभ आवरायला सांगितलंय, आणि तो पोरगा मुळातच तोंड न उघडणारा (नशीब एकेकाचं!). मला आलं करिंथचं. मी दहाव्या अध्यायापर्यंत झपाट्यानं गेलो आणि तिथंच रुतलो. अध्यायाचं सार असं, की पुढ्यात येईल ते खा, उगाच चौकशी करू नका. पण कुणी सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनाखातर खाऊ नका.

आता पेडगावात आमचं एकच ख्रिस्ती घर. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर. पोळ्यापासून शिमग्यापर्यंत गावात जे शिजायचं, ते आधी कुठल्या तरी देवापुढं जायचं आणि मग झाकून आमच्याकडं यायचं. आई ते घ्यायची, ताटलीत मूठभर साखर घालून परत पाठवायची आणि कधी काही विचारायची नाही. पण मी सतरा वर्षांचा होतो. त्या वयात नियम पाळण्यापेक्षा पाळताना दिसण्याची हौस जास्त असते.

शिवाय मला खायलाही आवडायचं. तेव्हा मी मधला मार्ग काढला : खायचं, पण कुणाला काही सांगू द्यायचं नाही. कुणी वाटी घेऊन आलं आणि "हा नैवे..." असं म्हणायला लागलं, की मी मोठ्यानं भजन म्हणायचो. मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला होता. तो ताप डोक्यात गेला, असं गावानं आपसांत ठरवून टाकलं.

शेजारच्या सखूमावशी शेळ्या-मेंढ्या राखायच्या. एके दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"समू, बेस्तरवारी जेवायला यायचं बरं का. आपला तांबडा बोकड..."

"येतो मावशी, येतो!"

"आरं आईक तर. पिराला म्या..."

मला खोकल्याची जबरदस्त उबळ आली. मावशी बोलायच्या थांबल्या तशी उबळही थांबली.

"आजून खोकायलाय लेकरू," त्या काळजीनं म्हणाल्या आणि गेल्या. आई माझ्याकडं रोखून बघत होती. तिला काहीतरी ठाऊक असावं, पण चौकशी करायची नाही हे ठरलेलं होतं.

गुरुवारी मी पंगतीला गेलो. पंगत गावाबाहेर दर्ग्याजवळच्या लिंबाखाली होती. दर्ग्याजवळच का, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. मुजावरांनी हात पसरून काहीतरी म्हटलं, ते अरबीत. मला अरबी येत नाही, म्हणजे मला कुणी सांगितलं असं होत नाही. पत्रावळीवर भाकरी आली, लालभडक तर्रीचा रस्सा आला. मी मनातल्या मनात घाईनं उपकारस्तुती केली आणि डोळे उघडले, तर कुणीच जेवत नव्हतं. सगळी पंगत माझ्याकडं बघत बसली होती.

शेजारी म्हातारे बापूआबा होते. त्यांनी मला कोपर मारलं. "खा की रं. पिराचं हाय."

संपलं! तोंडाशी आलेला घास मी खाली ठेवला आणि उभा राहिलो.

"आबा, तुमच्या मनाखातर मी हे खाणार नाही."

"माझ्या मनाला काय झालं?"

"तुम्ही सांगितलंत ना, पिराचं आहे म्हणून."

"म्या तर खा म्हणलं!"

भरल्या पत्रावळीवरून उठणं म्हणजे यजमानांच्या तोंडात मारणंच. मावशी पळी हातात घेऊन धावत आल्या. "कामून उठलास? मीठ कमी पडलं का?"

मी त्यांना करिंथच्या मंडळीची अडचण समजावून सांगू लागलो. चार वाक्यं झाली असतील, तोच आबा कळवळून म्हणाले, "सखू, ह्यानं पहिला घास घेतल्याबिगर तुझा नवस फिटत न्हाई म्हणलीस. मग आमी काय करावं? रस्सा निवायलाय."

"कसला नवस?" मी विचारलं. महिनाभरातली माझी पहिली चौकशी ती.

मावशींचा आवाज एकदम बारीक झाला. "तुझाच रं. तू तापात पडलातास, तुझी माय माझा पदर धरून रडायलती. म्या पिराला बोलले, लेकरू उठू दे, बोकड कापून कंदुरी करते, पहिला घास त्यालाच देते." आणि त्या पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. माझ्या जिवासाठी या बाईनं आपला पोसलेला बोकड दिला होता आणि मी तिला अध्याय ऐकवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात वडील आले. विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस, परभणीत मोर्चा निघाला की एसटी बंद. ते परभणीहून कुणाच्या तरी सायकलवर मागं बसून आले होते, धुळीनं माखलेले आणि भुकेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चपला काढल्या आणि माझ्याशेजारी मांडी घातली.

"तेरावा अध्याय वाचलास का?"

"नाही. अजून दहाव्यातच आहे."

"पुढं प्रीतीवर लिहिलंय त्यानं. घरी जाऊन वाच. आता खाली बस."

"पण सांगणाऱ्याचं मन..."

"मग विचार की त्यांनाच."

मी आबांकडं पाहिलं. "माझं मन म्हणायलंय," आबा म्हणाले, "तू गिळ एकदाचं."

मी घास घेतला. पंगत तुटून पडली. मावशी डोळे पुसत मला वाढत राहिल्या आणि मी त्यांच्या मनाखातर नको म्हटलं नाही.

बारावीची परीक्षा जवळ आली तेव्हा मावशी पुन्हा दारात आल्या. "समू, पास व्हावास म्हणून बोलू का पिराला एखादं बकरं?"

मी मागं वळून पाहिलं. वडील घरात नव्हते.

"बोला की," मी हळूच म्हणालो. "फक्त मला सांगू नका."