नागपूरचं पोट

उकळलेल्या पाण्याचा धुरकट वास आला की उज्जैनची, माधवनगरातली भाड्याची खोली आठवते. राज्यांची फेररचना झाली, आम्हा नागपूरच्या कारकुनांचीही वाटणी झाली आणि मी मध्य प्रदेशाच्या वाट्याला आलो. घरमालकीण काकू म्हणाल्या, "आमच्या पोटाची या विहिरीशी जन्माची पहचान आहे, भाऊ. तुम्ही महिनाभर उकळूनच प्या." मी ऐटीत म्हणालो, "नागपूरचं पोट दगडसुद्धा पचवतं." चौथ्या दिवशी मी अंथरुणात, आणि तेच पाणी पिणारे बाकीचे भाडेकरू ठणठणीत. काकू रोज उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणून विचारायच्या, "आज कसं आहे पोट?" आठवड्यात मी बरा झालो, तरी पुढे दोन महिने "अजून बिघडलेलंच आहे" सांगत राहिलो. आता कबूल करतो, त्या गावात मला एवढंही विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.