कानसेनांची डिझेल गाडी

गाडी बघायला गेले की कानसेन आधी बॉनेटवर हात ठेवत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तळहात आयुष्यभर नट-बोल्टांचे पाने फिरवून जाड झालेला. त्याला ऊब कळत नसे.

त्या संध्याकाळी दंतवैद्यांच्या दारातल्या गाडीला त्यांनी असाच हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"गरम आहे."

"तुम्ही येणार म्हणून मघाशीच चालू करून ठेवली होती," दंतवैद्य कौतुकाने म्हणाले. "उगाच तुमचा खोळंबा नको."

"उद्या सकाळी येतो. तोवर किल्लीला हात लावू नका."

शेजारी कानसेनांची बायको उभी होती. गाडी घेणारी तीच होती. "अहो, एवढं चालत आलो, आता तसेच परत?"

"डिझेल इंजिन थंड असतानाच बघायचं. गरम झालं की ते सगळ्यांशी गोड बोलतं. झोपेतून उठल्यावर कसं वागतं, तो खरा स्वभाव."

"मग मीही तुम्हाला लग्नाआधी एकदा सकाळी येऊन बघायला हवं होतं," बायको म्हणाली. दंतवैद्यांना हसू आवरेना. कानसेन केव्हाच फाटकाबाहेर पडले होते.

कानसेन हे नाव त्यांना बसच्या डेपोत मिळालं. गाणाऱ्यात तानसेन, ऐकणाऱ्यात कानसेन. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग कुठला नॉझल ठोकतोय, कुठलं बेअरिंग घासतंय, ते सांगायचं. क्वचित चुकत. चुकले तर इंजिन खोलून चूक कुठे झाली ते शोधून काढत आणि मगच जेवत. कामात त्यांना अर्धवटपणा चालत नसे. बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. बघितला असं सांगायचं नाही, बघायचा.

असा माणूस सगळा जन्म गाड्यांच्या खाली राहिला, स्वतःच्या गाडीत कधी बसला नाही. निवृत्त होईपर्यंत नजर इतकी मंदावली की चालवण्याचा प्रश्नच मिटला. बायकोने मात्र मनावर घेतलं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. वाफेच्या इस्त्रीसमोर उभं राहून तिचे गुडघे आखडले होते, जिद्द आखडली नव्हती. काम सुटल्यावर ती गाडी शिकली आणि परवानाही काढला, तोही पहिल्या झटक्यात.

कारण होतं तिची धाकटी बहीण. बहीण नदीपलीकडच्या गावात एकटी राहायची. खुब्याच्या दुखण्याने तिला बसमध्ये चढवत नव्हतं. आता ती घर रिकामं करून लेकाकडे कायमची जाणार होती, इतक्या लांब की पुन्हा भेट कधी ते सांगता येत नव्हतं. "तू जायच्या आत मी स्वतः गाडी चालवत तुझ्या दारात येईन," बायकोने तिला शब्द दिला होता. "तुला शेजारी बसवून नदीकाठाने फिरवेन. मग जा कुठे जायचं तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेनांनी गाडी तपासली. बॉनेट गार होतं. पहिल्या फटक्यात इंजिन चालू झालं. धुराचा एक काळसर भपका आला आणि विरला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय, पांढरा टिकला तर आणखी वाईट, दोन्ही नव्हते. चालू इंजिनाच्या तेलाचं टोपण काढून त्यांनी त्या भोकावर कागद धरला. तो उडाला नाही, म्हणजे आतला दाब फुटत नव्हता. मग पोतं अंथरून खाली शिरले. दंतवैद्यांचा चहा निवून गेला तरी बाहेर आले नाहीत. आले ते गुडघे झटकत, बायकोकडे बघून एकच शब्द बोलले.

"घे."

गाडी घरी आली आणि शाळा सुरू झाली. गुरुजी डावीकडच्या सीटवर.

"किल्ली अर्धी फिरव. तो वेटोळ्याचा पिवळा दिवा विझू दे, म्हणजे आतली तार तापली. मग पूर्ण फिरव."

"माझी इस्त्रीसुद्धा एवढा वेळ घेत नव्हती."

"टाकी तळाला जाऊ द्यायची नाही. तळाचा गाळ वर येतो. पंपावर डिझेलचीच नळी आहे ना, ते स्वतः बघायचं, भरणाऱ्यावर सोडायचं नाही. आणि डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी मी काढत जाईन."

"मी काय करू मग?"

"हळू चालव. इंजिनाला ओरडायला लावू नकोस. जुनं आहे, जपायला हवं."

ती जपायला लागली. मंडई, दवाखाना, पिठाची गिरणी. इंजिन जरा आवाज करू लागलं की शेजारून हात वर व्हायचा आणि ती पाय सैल करायची. शेजारचे सायकलवाले पुढे निघून जात. बहीण रोज फोन करायची.

"काय गं ताई, गाडी मंडईच्या पुढे आली का?"

"येतेय. सध्या तुझे भावजी तिला अंगाखांद्यावर खेळवतायत."

मग एके दिवशी दारात गाडी लावताना कानसेनांनी मान वाकडी केली. इंजिन उभ्या जागी जरा चढ्या सुरात चाललं होतं. फार नाही, जरासंच. रस्त्यावरच्या कुणालाही कळलं नसतं. मग तापलेल्या लोखंडासारखा वास आला. पंखाही जोरात फिरत होता.

"बंद कर! तापतंय!"

तिने झटकन किल्ली फिरवली. बॉनेट उघडलं, पाणी बघितलं. पाणी बरोबर होतं. पट्टा बरोबर. काहीच सापडलं नाही. काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं आणि पुन्हा त्यांनी गाडी बंद करायला लावली. मग पुन्हा. आता तो सूर जरा चढला की त्यांना रस्त्यातच कळायचं, आणि ते गाडी तिथल्या तिथे कडेला घ्यायला लावत.

एका सकाळी समोर एक नवा दिवा लागला, नारिंगी. आणि त्याच सकाळी कानसेनांनी तेलाची पट्टी ओढून बघितली, पुसली, पुन्हा बुडवून बघितली. तेल वाढलं होतं.

तेल कमी होतं, हे सगळ्यांना माहीत. वाढतं कसं? त्यांनी पट्टी नाकाशी नेली. डिझेलचा वास. ते पायरीवर बसले.

"इंजिनातला डिझेलचा पंप गळतोय," ते म्हणाले. "डिझेल तेलात उतरतंय. असं इंजिन लांब नेलं तर जाम होईल. ही गाडी नदीपलीकडे जाणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे विकून टाकायची. मीच घे म्हटलं होतं. चुकलो."

बायको उठून आत गेली. ती बडबडी बाई. ती गप्प बसली की घर मोठं वाटायचं. तिने भांडी घासली, कपडे वाळत घातले, बहिणीचा फोन आला तो उचलला. "अगं, बघू," एवढंच म्हणाली. पलीकडून टोमणा आला असणार, पण तिने उलट टोला दिला नाही. कानसेनांच्या कानांनी तेही टिपलं.

संध्याकाळी तीच बोलली. "पाच दिवसांनी तिचं सामान हलतंय. तुम्ही म्हणता पंप गेला. मान्य. पण हातोडीला एकदा दाखवा."

"हातोडीला? मी शिकवलंय त्याला!"

"शिकवलंय ना चांगलं? मग घाबरता कशाला?"

हातोडी हा डेपोतला त्यांचा शिकाऊ. सुरुवातीला प्रत्येक गोष्टीवर हातोडी हाणायचा म्हणून ते नाव. आता त्याचे केस पिकले होते आणि त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तिथल्या फरशीवर तेलाचा डाग नव्हता. हातोडी तर कुठे दिसतच नव्हती.

"वस्ताद! या, या. वहिनी, बसा." त्याने गाडीला एक वायर जोडली, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि भुवई उंचावली. "गाडी कुठे कुठे जाते?"

"मंडई," बायको म्हणाली. "गिरणी. लांबात लांब म्हणजे दवाखाना."

"मोकळ्या रस्त्यावर?"

"कधीच नाही. इंजिन ओरडतं म्हणतात हे."

"बरं. कधी उभ्या जागी सूर चढतो? तापल्याचा वास, पंखा जोरात?"

"चढतो ना!" कानसेन पुढे झाले. "लगेच ऐकू येतं मला. ऐकू आलं रे आलं की बंद करायला लावतो. एकदाही चुकलो नाही."

हातोडीने वायर काढली. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"वस्ताद, या गाड्यांच्या धुराच्या नळीत एक डबा असतो. काजळी अडवायला. तो भरला की गाडी स्वतःच जास्त डिझेल घेऊन, आतली आग वाढवून काजळी जाळून टाकते. तेव्हा सूर चढतो, वास येतो, पंखा फिरतो. ती तापत नव्हती. घर झाडत होती."

"आणि मी..."

"तुम्ही प्रत्येक वेळी अर्ध्या झाडणीत तिच्या हातातला झाडू काढून घेतलात. न जळलेलं डिझेल तेलात उतरलं. पंप ठणठणीत आहे." तो हसला, पण बेताने. "दुसऱ्या कुणाची गाडी असती तर हे झालंच नसतं. त्याला ऐकूच आलं नसतं."

"अति तिथे माती," बायको म्हणाली. तिच्या आवाजात मात्र बऱ्याच दिवसांनी जीव आला होता.

कानसेनांनी बाह्या वर सारल्या. मग उठले. "पोतं आहे का रे?"

"वस्ताद, वर उचलतो की गाडी, यंत्र आहे."

गाडी वर गेली. ते खाली उभे राहिले. नळीवरचा तो डबा त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने चाचपला, मागेपुढे बघितला, कुठे जोडलाय, कसा जोडलाय. दंतवैद्यांच्या दारात त्यांनी तो पाहिला होता. गंजलेला नाही, एवढंच बघून पुढे गेले होते. आमच्या बसना असलं काही नव्हतं, असं ते म्हणाले नाहीत. "औषध काय?" एवढंच विचारलं.

"तेल आणि त्याचा फिल्टर आत्ता बदलतो. मग मोकळा रस्ता. वरचा गिअर पकडायची घाई नको, इंजिन जरा चढं राहू दे आणि मध्ये थांबू नका, काजळी पुरती जळू दे. तो नारिंगी दिवा विझला नाही तर माझ्याकडे परत."

"नदीपलीकडचा रस्ता चालेल?" बायकोने विचारलं.

"त्याच्यासारखा दुसरा नाही, वहिनी."

दोन दिवसांनी निघाले. पुलाआधी रस्त्याचं काम काढलेलं होतं. अर्धी वाट एकाच ओळीत रांगत गेली. नारिंगी दिवा तसाच. कानसेन त्याच्याकडे बघत होते, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा दिव्याकडे. पूल संपला आणि रस्ता मोकळा झाला.

"आता," ते म्हणाले.

तिने पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला. कानसेनांचा हात सवयीने वर झाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो खाली आणून मांडीखाली दाबून ठेवला.

"ओरडतंय हो," ती म्हणाली.

"ओरडू दे."

"डेपोत ऐकलं असतं कुणी, तर काय म्हणाले असते?"

"पुढे बघून चालव."

रस्त्याला चहाची टपरी आली. दर वेळी बसने जाताना इथे उतरायचे दोघं. तिने वेग कमी केला.

"थांबायचं नाही. चहा तिकडे."

टपरी मागे गेली. बऱ्याच वेळाने तो वास आला, तापलेल्या लोखंडाचा. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, चालू दे. त्यांच्या कपाळावर घाम होता. चाळीस वर्षं ज्या वासाला धावत जायचं, त्या वासात हात बांधून बसायचं म्हणजे त्यांच्यासाठी ते श्रमाचंच काम होतं. तेही त्यांनी नीट केलं.

बहिणीच्या फाटकासमोर गाडी थांबली. अंगणात खोक्यांची रास लागलेली. बहीण काठी टेकत दारात आली.

"आली गं बाई मंडईच्या पुढे! उतरा की आता!"

इंजिन अजून चढ्या सुरात होतं. बायकोचा हात किल्लीवर गेला.

"बंद करू नकोस," कानसेन म्हणाले.

"अहो, ती उभी आहे तिथे, तिचा खुबा..."

"तिला आत बसव. फिरवायचं ठरलंय ना नदीकाठाने? मग आत्ताच. अर्धं काम सोडून चहा प्यायचा नाही."

ते स्वतः उतरले, पुढची सीट मागे सरकवली, मेहुणीला हात देऊन बसवलं आणि आपण मागे जाऊन बसले.

"भावजी, घरात पाऊलसुद्धा नाही टाकलंत! एवढी कसली घाई?"

"गाडीचं झाडून व्हायचंय," बायको म्हणाली आणि तिने गिअर टाकला.

नदीकाठचा रस्ता सरळ आणि लांब होता. पुढे दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या, एक दुसरीचं ऐकत नव्हती. मागे कानसेन डोळे मिटून बसले होते. कुठेतरी वळणापलीकडे इंजिनाचा सूर खाली आला, सावकाश, आणि तिथे स्थिर राहिला. त्यांनी डोळे उघडून दोन खांद्यांमधून पुढे पाहिलं. नारिंगी दिवा विझलेला होता.

दोघींची कसलीशी जुनी गोष्ट रंगात आली होती. ती संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "आता कुठेही थांब."

"थांबू कशाला?" बायको म्हणाली आणि पुढे चालवत राहिली.