चिठ्ठीत लिहिलेली धडक

आमच्याकडे दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की त्या आदळण्याला एकच नाव देत नाहीत. दोघे समोरासमोर चालून आले तर टक्कर. नुसते अंग लागले तर धक्का. एक जागेवर उभा आहे आणि दुसरा लांबून वेग घेऊन त्याच्यावर येतो, ती धडक. एडका देतो तशी. धडक द्यायला धावण्यापुरती जागा लागते. हे सगळे ठाऊक असूनही मी तो शब्द एकदा भलत्याच ठिकाणी लिहिला आणि एका गाडीवानाची चाकरी त्यापायी सुटणार होती.

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आमचे घर धरणगावात, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर होते. हंगामात कापसाच्या गाड्या दिवसभर जात. एका गावच्या गाड्या रांगेने येत आणि मागच्या बैलांचा कासरा पुढच्या गाडीच्या पाठीला बांधलेला असे. पुढचा चालला की मागचा आपोआप चाले.

एका दुपारी जेवताना बाहेर मोठा आवाज झाला. पाहतो तर पडवीचा कोपऱ्याचा खांब मोडून आडवा झालेला आणि त्यात एका गाडीच्या आसाचे टोक रुतलेले. म्हातारा गाडीवान बैलांना धरून उभा होता. दोन कोसांवरच्या एका शेतकऱ्याची गाडी तो वीस वर्षे हाकत होता, म्हणून मी त्याला ओळखत होतो.

"काय नाना, बैल पळवत होतात?"

"नई भाऊ. पुढली गाडीले बांधेल होतात."

"मग कासरा लोंबतोय कसा?"

"खांब पडना, बैल वढाले लागनात. म्हनीसन मीच कासरा कापा."

"पुढची गाडी कुठंय?"

"ती गयी जिनमा."

साक्षीची गाडी नेमकी निघून गेलेली. हे मला त्याच्या फारच सोयीचे वाटले. वळण सुरू होते तिथपासून खांबापर्यंत मी पावले टाकली, बावीस भरली. बैल पळवायला एवढी जागा पुष्कळ होती. त्याच्या गावची एक रिकामी गाडी परत चालली होती. तिच्याबरोबर मी मालकाला चिठ्ठी दिली: 'आपल्या गाडीवानाने बैल पळवून माझ्या खांबाला धडक दिली.'

लिहिताना म्हातारा समोरच होता. "भाऊ, धडक नका लिखू. आबा माले गाडीवरून काढी टाकतीन. गाडी लागनी, असं लिखा."

"नुसती लागून खांब मोडतो?"

तो वळून आसाचे टोक खांबातून सोडवू लागला. त्याच्या अशा पाठ फिरवण्याने माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चुलीपासून उठून पडवीत आली. पडलेल्या खांबात तिने हातातले उलथने खुपसले, ते वीतभर आत गेले.

"रस्ता मोजलात, पावलं मोजलीत. घरचा खांब कधी मोजणार होतात?"

मी खांब फोडून पाहिला. वरचे बोटभर लाकूड धड होते. आत सगळी वाळवीची माती.

मी उठून जिनात गेलो. पुढची गाडी अजून नंबर लागायची वाट पाहत उभी होती. तिच्या पाठीला कासऱ्याचा तुकडा गाठीसकट होता आणि त्याचे टोक ताजे कापलेले होते. मी तो तुकडा सोडून घेतला आणि दोन कोस चालत मालकाच्या गोठ्यावर गेलो. म्हातारा शेण काढत होता. चिठ्ठी वाचून मालकाने परत बोलावलेल्या त्याच्या गाडीला दुसराच माणूस बैल जुंपत होता.

धडक नव्हती, गाडी नुसती लागली, असे मी सांगताच मालक हसला. "काल धडक आणि आज लागली? मध्ये कोणी पाय धरले का तुमचे?"

"आबा, बैलांचा कासरा आणा."

दोन्ही टोके जुळवली. पीळ पिळाला बसला. गाठीपासून बैलांच्या वेसणीपर्यंत एकूण तीन हातही भरेना.

"तीन हातांत बैल पळतात का? गाड्या वळल्या, मागची आतल्या बाजूला ओढली गेली आणि खांबाला लागली."

मालकाने माझ्या मापावर विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या हाताने पुन्हा मोजले, दोनदा. मग म्हणाला, "आणि खांब?"

"पोकळ होता. मी आधी पाहिला नाही."

"म्हणजे चूक तुमची."

"माझीच."

मी चिठ्ठी परत मागितली. त्याने दिली नाही. "असू द्या. उद्या पुन्हा बदलाल." शेवटी मी तिच्याच खाली लिहिले, 'धडक नव्हे. गाडी लागली. खांब वाळवीने खाल्लेला होता,' आणि सही केली. त्याने ते वाचले आणि जुंपणाऱ्या माणसाला हात करून थांबवले. म्हातारा हात धुऊन गाडीकडे गेला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

त्या हंगामात तो आमच्या वळणावर आला की रांग थांबवी, कासरा सोडी आणि बैलांना हाताने धरून पडवीपासून लांब नेई. मागचे गाडीवान ओरडत. एकदा मी पडवीतून म्हटले, "नाना, आता भिऊ नका. खांब नवा आहे, सागाचा."

तो बैल न थांबवता म्हणाला, "खांबवर तं मना इसवास शे, भाऊ."