विहिरीतून हसत वर आले

अगं, दारात काय उभी? सरक इकडं, आजीजवळ. महिनाभर पोहायला गेली नाहीस म्हणं? म्हणूनच तोंड असं उतरलंय. एवढी शिकलीस, अन् एवढंबी कळंना? ऐक.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. माझं पहिलं लेकरू बारशाआधीच गेलं. मी जेवेना, बोलेना, झोपेना. अशा बाईला विहिरीवर धाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जीव देईल म्हणून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी घरातला पोहरासुद्धा लपवला, नणंदेला माझ्यावर पहाऱ्याला ठेवलं.

एका दुपारी नणंद मळ्यातल्या विहिरीवर धुणं घेऊन निघाली. मला एकटं ठेवायची भीती, म्हणून संगं नेलं. खाली हिरवंगार पाणी. माहेरी तेरला, नदीच्या डोहात मी पाठीला वाळला भोपळा बांधून पोहायला शिकले होते. काय झालं कुणास ठाऊक, कासोटा आवळला अन् उडी टाकली.

"वहिनीनं जीव दिला!" नणंदेनं बोंब ठोकली. आत्याबाई ज्वारीतून अनवाणी धावत आल्या. मी गार पाण्यात हात मारत होते. दम सांभाळायचा, हात मारायचा. डोक्यात दुसरं काही शिरेचना. किती दिवसांनी मोकळं वाटलं, अन् वर बघून मी हसले.

"हसतीस, भवाने?" आत्याबाई मटकन बसल्या. "माझं काळीज फाटलं की गं!"

त्या रात्री मी भाकरी मागून खाल्ली, गाढ झोपले. सकाळी मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकरू मातीत, अन् आई हसते, जेवते, झोपते!

दुपारी आत्याबाईंनीच कोरडं लुगडं पुढं केलं.

"चल. म्या बसते काठावर."

"लोक काय म्हणतील, आत्याबाई?"

"म्हणू दे. काल तू जेवलीस."

मग रोज आत्याबाई विहिरीच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "माझीबी लेकरं गेली. तवा मला कुणी पाण्याजवळ जाऊ दिलं न्हाय."

मी ऐकलं अन् बुडी मारली. हाताला धरून त्यांना पाण्यात घ्यावं, हे मला सुचलंच नाही. मी हलकी झाले, त्या पायरीवरच राहिल्या. हे अजून टोचतं गं.

आज तुझी परतीची गाडी आहे, जा. पण विहिरीला पाणी आहे तोवर लवकर ये. मी काठावर नाही बसायची, तुझ्यासंगं उतरीन.